सगळ्याच टक्करी कामी येत नाहीत

मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे पारा 44-45 अंशांवर जातो. हंगाम सरत आलेला असला तरी एखाद्या जिनिंगच्या आवारात कापसाचा ढीग अजून उघड्यावर असतो. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, आणि सेल्युलोज हे अव्वल जळण. भोवतालच्या हवेत पाचवा हिस्सा ऑक्सिजन. हवेचे रेणू कुठल्याही पृष्ठभागावर किती वेळा आदळतात, हा हिशेब पदवीच्या विद्यार्थ्याला कागदावर मांडता येतो. एका चौरस सेंटिमीटरवर, एका सेकंदात, तीनावर तेवीस शून्यं इतक्या वेळा. दर पाचांतली एक धडक ऑक्सिजनची. अंगठ्याच्या नखाएवढ्या कापसावर ऑक्सिजनचा हा मारा दिवसरात्र, महिनोन्‌महिने चालू असतो आणि ढीग जागच्या जागी पांढराशुभ्र राहतो. मग जिनच्या रोलरमध्ये कापसाबरोबर एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा जातो, ठिणगी उडते, आणि अग्निशामक बंब येईपर्यंत निम्मा माल गेलेला असतो.

इतका काळ ज्या धडका वाया गेल्या, त्यांच्यात आणि ठिणगीनंतरच्या धडकांमध्ये फरक काय? या पुस्तिकेचा सगळा खटाटोप या एका प्रश्नासाठी आहे.

प्रश्नाचं एक तयार उत्तर प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असतं: तापमान वाढलं की रेणू जोरात पळतात, जोरात पळाले की टक्करी वाढतात, टक्करी वाढल्या की अभिक्रिया वेगानं होते. परीक्षेत याला पूर्ण गुण मिळतात. पण उत्तर अर्धवट आहे, आणि जो अर्धा भाग गळला तोच महत्त्वाचा होता. कापसाचंच घ्या. कापूस पेट घेतो तो साधारण 400 अंशांच्या आसपास. 45 अंशांवरून 400 अंशांपर्यंत तापलेल्या हवेत रेणूंचा वेग जेमतेम दीडपट होतो. पण उघड्यावरची हवा तापली की फुगून विरळ होते, आणि तेवढ्याच जागेतल्या रेणूंची संख्या निम्म्याहूनही खाली येते. दोन्ही परिणाम एकत्र धरले तर कापसाच्या त्या चौरस सेंटिमीटरवर आदळणाऱ्या रेणूंची संख्या तीसेक टक्क्यांनी कमी होते. धडका घटल्या तेव्हा कापूस पेटला. ‘टक्करी वाढल्या म्हणून’ हे उत्तर इथं उलटं पडतं, आणि ते तसं पडतं हे वर्गात फारसं कुणी सांगत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

टक्करीत नेमकं काय होतं हे पाहायला कॅरमबोर्ड पुरेसा आहे. स्ट्रायकर साधारण 15 ग्रॅमचा, सोंगटी 5 ग्रॅमची. स्ट्रायकर सोंगटीवर बरोबर मधोमध बसला तर गणितानं त्याची पाऊण ऊर्जा सोंगटीला मिळते. निसटता लागला तर फारच थोडी. आणि दोन सोंगट्या सारख्या वजनाच्या असतील तर समोरासमोरच्या धडकेत पहिली जागीच थांबते आणि तिची सगळी चाल दुसरीला जाते. हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन वजनानं जवळजवळ सारखे, 28 आणि 32. समोरासमोर भिडले तर ऊर्जेचा 99 टक्क्यांहून जास्त भाग एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. आपल्या रोजच्या हवेत एकेक रेणू सेकंदाला सुमारे 700 कोटी टक्करी घेतो. इतक्या वेळा देवाणघेवाण झाल्यावर सगळ्यांकडे सारखी ऊर्जा जमेल असं वाटतं, पण होतं वेगळंच. कुणी दहा वेळा लागोपाठ घेत सुटतो, कुणी दहा वेळा देत बसतो. कोणत्याही क्षणी बहुतेक रेणू मध्यम ऊर्जेचे असतात, आणि एका टोकाला मूठभर रेणू सरासरीच्या कितीतरी पट ऊर्जा बाळगून असतात. पुढच्या क्षणी ते मूठभर दुसरेच असतात, संख्या मात्र तेवढीच राहते. ही वाटणी जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं 1860 साली मांडली.

कॅरमची गंमत इथं संपते, कारण सोंगटीला पोट नसतं. रेणूला असतं. अणू अणूंशी बंधांनी बांधलेले असतात, ते बंध ताणले जातात, वाकतात, थरथरतात. धडकेची ऊर्जा नुसती पुढच्याला ढकलण्यात जात नाही, तिचा काही भाग या थरथरीत शिरू शकतो. एखाद्या बंधात पुरेशी थरथर गोळा झाली तर जुना बंध सुटतो आणि नवा जुळतो. पुरेशी नसेल तर दोन्ही रेणू जसे आले तसे परततात. या ‘पुरेशा’ ऊर्जेला सक्रियण ऊर्जा म्हणतात. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसनं 1889 साली तापमान आणि अभिक्रियेचा वेग यांना जोडणारं जे सूत्र रूढ केलं, त्याच्या पोटात ही ऊर्जा बसलेली आहे.

आता आकडे. ही पुस्तिका वाचणाऱ्यानं बाकी काही विसरलं तरी पुढचे दोन आकडे विसरू नयेत, अशी माझी इच्छा आहे. सक्रियण ऊर्जा मोलमागे 50 किलोज्यूल असेल, तर 27 अंशांना सुमारे 50 कोटी टक्करींत एक टक्कर पुरेशा जोराची असते. सेकंदाला 700 कोटी टक्करी, म्हणजे एका रेणूला सेकंदाला 14 संधी. आता सक्रियण ऊर्जा नुसती दुप्पट करा, 100 किलोज्यूल. तोच रेणू, तीच हवा, तेच तापमान. आता तशी संधी येते साधारण 14 महिन्यांतून एकदा. सेकंदाला चौदा आणि चौदा महिन्यांत एक, हे अंतर फक्त दुपटीनं पडतं. टक्करींच्या एकूण संख्येत या दोन उदाहरणांमध्ये काडीचाही फरक नाही.

तापमानाचंही तसंच. धुळ्यातली थंडीतली 15 अंशांची सकाळ आणि उन्हाळ्यातली 45 अंशांची दुपार यांत रेणूंच्या वेगाचा फरक फक्त 5 टक्के. पण 50 किलोज्यूल सक्रियण ऊर्जेची अभिक्रिया त्या दुपारी सकाळच्या सातपट वेगानं होते. सरासरी रेणू थोडासाच हलला, पण टोकावरची ती मूठ मात्र सातपट भरली. अभिक्रिया ज्यांच्या जिवावर चालते ते हे टोकाचे रेणू आहेत, सरासरीचे नाहीत.

टक्करींवरून अभिक्रियेचा वेग मोजायची कल्पना पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत पुढे आली. जर्मनीत माक्स ट्राउट्झनं 1916 साली ती मांडली, आणि इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला विल्यम लुईसनं 1918 साली. युद्धामुळे दोन्ही देशांतली नियतकालिकं एकमेकांपर्यंत पोचत नव्हती, त्यामुळे लुईसला ट्राउट्झच्या कामाचा पत्ताच नव्हता. लुईसनं हायड्रोजन आयोडाइडच्या विघटनाचा वेग टक्करींवरून काढला आणि तो प्रयोगातल्या वेगाच्या बराच जवळ आला. गंमत अशी की रेणूंना सक्रिय करणारी ऊर्जा टक्करीतून मिळते असं खुद्द लुईसचं मत नव्हतं. ती भांड्याच्या भिंतींतून येणाऱ्या किरणांमधून मिळते असं तो आणि फ्रान्सचा झां पेरँ मानत. एकटाच रेणू आपोआप फुटतो अशाही अभिक्रिया आहेत, त्यांत टक्कर कुठे आली, असा पेरँचा रास्त सवाल होता. त्याचं उत्तर 1921 साली फॅरडे सोसायटीच्या चर्चेत फ्रेडरिक लिंडेमननं दिलं: रेणूला टक्करीतच ऊर्जा मिळते, पण तो लगेच फुटत नाही. मधे थोडा वेळ जातो. त्या वेळात दुसरी टक्कर होऊन मिळालेली ऊर्जा निघूनही जाऊ शकते. फुटणं आणि थंड पडणं यांत शर्यत लागते. वायूचा दाब कमी केला की ही शर्यत उघडी पडते, आणि पुढे तसे प्रयोग झालेही. टक्कर ऊर्जा देते तशी काढूनही घेते, हे बहुतेक पाठ्यपुस्तकं एका ओळीत उरकतात. मी त्याला एक आख्खं प्रकरण दिलं आहे.

आता अमळनेरला येतो. या प्रस्तावनेत मला सर्वांत जास्त वेळ तिथंच काढायचा आहे.

29 डिसेंबर 1945 रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरच्या कारखान्यासाठी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड’ ही कंपनी स्थापन केली. तीच पुढची विप्रो. संगणकाच्या कंपनीचं मूळ तुपाच्या डब्यात, हा किस्सा खानदेशात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या डब्यात काय घडत होतं हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. वनस्पती तूप म्हणजे तेलात हायड्रोजन घालून घट्ट केलेली चरबी. त्या काळी ते मुख्यतः शेंगदाणा तेलापासून होई. तेलाच्या रेणूच्या लांब साखळीत काही ठिकाणी कार्बनचे दुहेरी बंध असतात. त्या जागी साखळी वाकडी असते, म्हणून रेणू एकमेकांना चिकटून बसत नाहीत आणि तेल पातळ राहतं. दुहेरी बंधावर हायड्रोजनचे दोन अणू बसवले की साखळी सरळ होते, रेणू नीट रचले जातात, तेल गोठतं.

कागदावर हे सोपं दिसतं. पण तेलात नुसता हायड्रोजन सोडून पाहा: तो बुडबुडे काढत वर निघून जाईल. तेलाच्या रेणूंशी त्याच्या अगणित टक्करी होतील आणि एकही कामी येणार नाही. हायड्रोजनचे दोन अणू एकमेकांना मोलमागे 436 किलोज्यूलच्या बंधानं धरून असतात. मघाच्या हिशेबात 100 किलोज्यूलनं काय केलं ते आपण पाहिलं. तेल करपून जाईपर्यंत तापवलं तरी या बंधापुढे ते अपुरंच. इथं येतं निकेल. फ्रान्सच्या पॉल साबातिएनं बारीक निकेलवर वाफांना हायड्रोजन जोडून दाखवला, त्यासाठी त्याला 1912 चं नोबेल मिळालं. जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मननं हीच युक्ती पातळ तेलावर चालवली आणि 1902 साली तिचं पेटंट घेतलं.

निकेलच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचा रेणू येऊन टेकला की त्याचे दोन्ही अणू निकेलशी बंध जोडायला लागतात आणि आपसातला बंध सैल सोडतात. एक तुटतो तेव्हाच दुसरा जुळत असल्यामुळे 436 किलोज्यूल एकरकमी भरावे लागत नाहीत. तेलाचा रेणूही आपला दुहेरी बंध निकेलवर आडवा ठेवून बसला पाहिजे. शेपटाकडून आदळला तर उपयोग नाही. जोर आणि बाजू, दोन्ही जमावं लागतं. म्हणून कारखान्यात तेल दीडशे ते दोनशे अंशांपर्यंत तापवतात, हायड्रोजन दाबाखाली सोडतात आणि निकेलची बारीक भुकटी घालून जोरानं घुसळतात. घुसळण्यानं सक्रियण ऊर्जा कमी होत नाही. तेलात विरघळलेला हायड्रोजन निकेलपर्यंत वेळेत पोचावा एवढंच घुसळण्याचं काम. तापवणं, घुसळणं आणि निकेल या तीन गोष्टी तीन वेगळी कामं करतात. विद्यार्थी मात्र तिन्हींना ‘वेग वाढवणारे घटक’ या एकाच मथळ्याखाली कोंबतात.

काम झाल्यावर निकेल गाळून काढता येतं, ते खर्ची पडत नाही. पण तेलात गंधकाची संयुगं किंवा साबणाचा अंश राहिला तर निकेलच्या जागा अडतात. अशा वेळी हायड्रोजन, तेल, तापमान सगळं असूनही काम मंदावतं. म्हणून तेल आधी नीट शुद्ध करावं लागतं. आणखी एक गोष्ट अशी की ही जोडणी उष्णता बाहेर टाकते. तेलाचं आयोडीन मूल्य, म्हणजे दुहेरी बंध किती शिल्लक आहेत याचं माप, एकानं उतरलं की तेल दीड-पावणेदोन अंशांनी तापतं. सुरुवातीला वाफेनं तापवलेल्या भांड्याला थोड्याच वेळात थंड पाण्याची नळी लागते.

टक्कर अर्धवट राहिली की काय होतं तेही वनस्पती तुपानंच दाखवलं. दुहेरी बंधावर एक हायड्रोजन बसतो, दुसरा यायच्या आत पहिला निघून जातो आणि बंध पुन्हा दुहेरी होतो. पण या वेळी साखळी आधीसारखी वाकडी न राहता उलट बाजूनं सरळ होऊन बसते. ही ट्रान्स चरबी. ती हृदयाला घातक ठरल्यावर भारतात जानेवारी 2022 पासून खाद्यतेल-चरबीत तिची मर्यादा 2 टक्क्यांवर आणली गेली.

सक्रियण ऊर्जेला हात न लावता नुसत्या टक्करी वाढवायच्या असतील तर जिन्नस बारीक करावा. भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा ढेकळांनी जाळत नाहीत. गिरणीत पावडरीसारखा दळून हवेच्या झोतानं भट्टीत फुंकतात, म्हणजे प्रत्येक कणाला चोहोबाजूंनी ऑक्सिजन भेटतो. भरताची वांगी भाजायला खानदेशात कपाशीच्या वाळक्या काड्या लावतात, तिथंही हेच आहे: बारीक काडी भसकन पेटते, ओंडका धुमसत बसतो. वरणगावच्या आयुध निर्माणीत बनणाऱ्या काडतुसांत याच्या उलट टोक दिसतं. तिथं बुडाच्या टोपीवर एक छोटासा फटका बसतो, तो फटका सगळ्या दारूला तापवू शकत नाही, पण स्फोटकाच्या स्फटिकांमध्ये अगदी सूक्ष्म जागी उष्णता एकवटते. बाकीचं काम त्या जागेपासून पुढे आपोआप पसरतं.

रावेर-यावलच्या केळीकडे वळताना मी थोडा सावध होतो, कारण जिवंत फळ अऱ्हेनियसचं सूत्र आंधळेपणानं पाळत नाही. रायपनिंग चेंबरमध्ये दहा लाख भाग हवेत शंभरेक भाग इथिलीन सोडतात आणि तापमान 16 ते 18 अंशांवर धरतात. इथिलीन फक्त इशारा देतं. पिठाची साखर करायचं काम फळातली विकरं करतात, आणि ती निकेलसारखीच सक्रियण ऊर्जा उतरवतात. तापमान वाढवलं की काम वेगानं व्हायला हवं, काही अंशी होतंही. पण तिशीच्या वर गर मऊ होतो आणि साल हिरवीच राहते, कारण सालीतला हिरवा रंग घालवणारं काम मागे पडतं. 13 अंशांच्या खाली सालीच्या पेशींना इजा होऊन ती काळवंडते. शिवाय पिकू लागलेली केळी स्वतःच उष्णता सोडते, म्हणून चेंबरचं शीतयंत्र खरं राबतं ते इथिलीन दिल्यानंतर. कॅल्शियम कार्बाइड लावून पिकवण्यावर कायद्यानं बंदी आहे. त्याचं पाण्याशी काय होतं ते सहाव्या प्रकरणात आहे.

वनस्पतीचं भांडं, पिकती केळी, ओली साठवलेली सरकी, या तिन्ही ठिकाणी एकच धोका दबा धरून असतो. अभिक्रिया उष्णता सोडते, उष्णतेनं टोकावरची मूठ भरते, त्यानं अभिक्रिया वाढते, आणखी उष्णता सुटते. उष्णता निर्माण होण्याचा वेग तापमानाबरोबर दुपटी-चौपटीनं चढतो. ती बाहेर जाण्याचा वेग मात्र सरळ रेषेत, भोवतालच्या तापमानाशी असलेल्या फरकाएवढाच वाढतो. एका ठिकाणी पहिली रेघ दुसरीला ओलांडते आणि तिथून पुढे माणसाच्या हातात फार थोडं उरतं. भांडं मोठं केलं तर घनफळ आठपट होतं तेव्हा पृष्ठभाग चौपटच होतो, म्हणजे प्रयोगशाळेच्या चंबूत शांतपणे होणारी अभिक्रिया हजार लिटरच्या रिअॅक्टरमध्ये त्याच शांतपणे होईल याची काहीच हमी नाही. 31 ऑगस्ट 2019 रोजी शिरपूरजवळच्या वाघाडी इथल्या रासायनिक कारखान्यातल्या स्फोटात किमान 13 माणसं गेली. त्या स्फोटाची कारणमीमांसा हा या पुस्तिकेचा विषय नाही. पण अशा कारखान्यांत आपल्याच गावची मुलं पाळीवर जातात. त्यांना या दोन रेघांची ओळख नोकरीच्या पहिल्या आठवड्यात व्हायला हवी, बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाची वाट पाहून नव्हे. सातवं प्रकरण मी त्यांच्यासाठी लिहिलं आहे आणि त्यात लॉगॅरिदम वापरलेला नाही.

टक्कर सिद्धांताची मर्यादाही आधीच सांगून टाकतो. हायड्रोजन आयोडाइडला लागू पडलेला लुईसचा हिशेब इतर कित्येक अभिक्रियांत साफ चुकतो, कधी हजारपटीनं, कधी लाखपटीनं. रेणू कडक गोळे असतात हे गृहीतच त्याला नडतं. पोटॅशियमचा अणू मिथाइल आयोडाइडवर आयोडीनच्या बाजूनं आदळला तर अभिक्रिया होण्याची शक्यता बरीच जास्त, मिथाइलच्या बाजूनं आदळला तर कमी. गोळ्याला बाजू नसते. हिशेब जुळवण्यासाठी मग सूत्रात एक गुणक घालतात आणि त्याची किंमत प्रयोगावरून ठरवतात. मला ही तडजोड कधीच रुचली नाही. तिच्यातून वाट काढणारा सिद्धांत 1935 साली आला: अमेरिकेत हेन्री आयरिंगनं आणि इंग्लंडमध्ये मेरेडिथ इव्हान्स व मायकेल पोलान्यी यांनी तो स्वतंत्रपणे मांडला. पुढे रेणूंचे दोन बारीक झोत निर्वात जागेत एकमेकांवर सोडून एकेका टक्करीचा निकाल तपासण्याचं तंत्र आलं. त्यासाठी डडली हर्शबाख आणि युआन ली यांना 1986 चं नोबेल मिळालं, आणि त्या पारितोषिकातला तिसरा वाटेकरी जॉन पोलान्यी हा त्याच मायकेल पोलान्यींचा मुलगा. आयरिंगच्या सिद्धांताला क्वांटम यांत्रिकीची तोंडओळख लागते, म्हणून ही पुस्तिका त्याच्या दारात थांबते. गणिताची धास्ती असणाऱ्यांनी तिसरं प्रकरण सोडून सरळ अमळनेरच्या प्रकरणावर गेलं तरी चालेल. अडलं तर तिसऱ्यातलं चौदा महिन्यांचं कोष्टक तेवढं उघडून पाहावं.